घंगाळाच्या आतलं नाव

मंगळवार पेठेत आमच्या घरासमोर भरमाण्णांचं भांड्यांचं दुकान होतं आणि तिथल्या ठोकाठोकीनं चाळीस वर्षं माझं डोकं उठवलं. मी शाळेतली बाई. संध्याकाळी घरी येऊन वह्यांचा गठ्ठा सोडावा, की समोर खट् खट् सुरू. एकदोनदा मी गॅलरीतून ओरडलेही. तर हा माणूस मान वर न करता म्हणायचा, "बाई, तुमी लाल शाईनं लिवतासा, मी खिळ्यानं लिवतो. तुमचं पोरं फाडून टाकत्यात, माझं ऱ्हातंय." यावर काय बोलणार, कपाळ?

भांड्यांवर नावं घालणं हा त्यांचा मूळ धंदा. तांब्या, परात, समई, हंडा, काय असेल ते मांडीवर घ्यायचं, आतून लाकडाचा ठोकळा लावायचा आणि टोकदार खिळ्यानं ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर उठवायचं. पुढं स्टील आलं, नावं घालायला विजेचं यंत्र आलं, तसं ते काम आटलं. मग ते जुनी भांडी मोडीत घ्यायला लागले. ज्या हातानं नावं घातली त्याच हातानं भांडी चेपायची वेळ आली, असं कुणी म्हटलं तर ते नुसतं "व्हय की" म्हणायचे आणि पुढचं भांडं ओढायचे.

माणूस दिसायला अगदी साधा. पांढरी टोपी, लांब बाह्यांचा सदरा, उजव्या अंगठ्याचं नख कायम काळं. मूळचे कर्नाटक सीमेकडचे जैन, त्यामुळं घरात आईला अव्वा, बहिणीला अक्का. दिवस मावळायच्या आत जेवण, त्यात कधी खंड नाही. आणि एक खोड अशी, की कुणाच्या घरी गेले की पाणी पिऊन झाल्यावर तांब्या उलटा करून बुडाखाली बघायचे. आमच्याकडं सत्यनारायणाला आले तेव्हा प्रसाद खाऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि मांडणीवरची सगळी भांडी वाचून काढली. बाहेर येऊन मला म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना दोन आत्या हुत्या की. थोरलीनं परात दिल्या. धाकटीनं काय दिल्यालं दिसत न्हाय." माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दोन आत्या होत्या हे मला त्या दिवशी कळलं.

बोलायला फटकळ. अलीकडं लोकांना जुन्या भांड्यांचं वेड लागलंय. ज्यांच्या सासवांनी पितळ घासून घासून हात झिजवले, त्यांच्याच सुना आता 'अँटिक' म्हणून तेच पितळ दिवाणखान्यात मांडतात. शाहूपुरीतली एक बाई, नवा बंगला बांधलेली, अशीच आली. तिला एक भांडं फार आवडलं. अरुंद गळा, वर पसरट काठ, सगळीकडं वेलबुट्टी. जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवून त्यात फुलं घालणार म्हणाली. भरमाण्णांनी तिला सगळं बोलू दिलं आणि मग सांगितलं, "पिकदाणी हाय ती. पान खाऊन थुकायची. ठेवा की टेबलावर, पावणं जेवताना बघतील." बाई गाडीत बसून निघून गेली. मी गॅलरीत उभी राहून हसले, खोटं कशाला सांगू?

पण थट्टा कुठवर करायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुकानात वरच्या फळीवर तांब्याचा एक छोटा गडू असायचा, तोंड कथलाचा डाग देऊन बंद केलेलं. कुणाच्या तरी आजोबांनी काशीहून गंगा आणलेली, स्वतःच्या शेवटच्या वेळेसाठी. आजोबा अचानक गेले, गडू उघडायचा राहिला आणि नातवानं तो तसाच मोडीत आणून टाकला. एका हॉटेलवाल्यानं तो काचेच्या कपाटात ठेवायला मागितला. "विकायचा न्हाय," भरमाण्णा म्हणाले. "ह्यातलं पाणी कुणाच्या तरी तोंडात पडायचं ऱ्हायलंय." पुढं आमच्या बोळातला इस्त्रीवाला आजारी पडला. पुढं मागं कुणी नसलेला माणूस. तो जायला टेकला तेव्हा भरमाण्णांनीच तो गडू फोडला आणि त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं. हे स्वतः जैन, गंगेचं त्यांना काय? मी विचारलं तर म्हणाले, "माझं न्हाय. त्याचं हुतं." रिकामा गडू त्यांनी त्या दिवशी मोडला.

मोडण्याची त्यांची एक रीत होती. पोत्यात नीट बसावं म्हणून मोडीतलं भांडं घणानं चेपावं लागतं. दुसरे लोक दणादण चेपतात. भरमाण्णा आधी भांड्यावर घातलेलं नाव शोधायचे आणि मोठ्यांदा वाचायचे. रस्त्यापलीकडं मला ऐकू यायचं. 'कै. गणपतराव यांच्या स्मरणार्थ.' मग घण. 'चि. सौ. कां. शेवंता हिस मामाकडून.' मग घण. दिवसभर हे चालायचं, मेलेल्यांची हजेरी घेतल्यासारखं. मला सुरुवातीला भयंकर राग यायचा. एकदा मी खाली जाऊन म्हटलंच, "अहो अण्णा, मनात वाचा की. सगळ्या गल्लीला कशाला ऐकवता?"

"कुणी तरी दिल्यालं असतंय, बाई," ते म्हणाले. "मोडायच्या आदी एकदा नाव घ्यावं. ह्याच्यानंतर कोन घेनार हाय?"

मी वर येऊन वह्या तपासायला बसले.

नाव घालायच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता आणि तो ते गिऱ्हाइकाच्या कानीकपाळी ओरडून सांगायचे. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायचं, घेणाऱ्या घराचं नाही. मुलीच्या लग्नात भांडी द्यायची तर 'अमक्याकडून आमच्या तमकीस' असंच पाहिजे. "सासरचं नाव त्यांच्या दारावर हाय की," ते म्हणायचे. "भांड्यावर म्हायारचं घाला. उद्या काय झालं तर भांडं बोलतंय."

भांडं कसं बोलतं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. शाहूवाडीकडचे एक बहीणभाऊ तांब्याचा हंडा घेऊन आले होते, भांडत भांडतच. बहीण म्हणत होती, आईनं हंडा मला दिला, त्यावर माझं नाव घातलं होतं. भाऊ म्हणत होता, कुठं हाय नाव, दाखव. हंड्याचं पोट आरशासारखं गुळगुळीत. भरमाण्णांनी बाहेरून बघितलंसुद्धा नाही. सदऱ्याची बाही वर सारली, हात हंड्यात घातला, डोळे मिटले आणि बोटं फिरवायला लागले.

"हौसाबाईस. आईकडनं," त्यांनी वाचलं. मग भावाला म्हणाले, "पावणं, घासून नाव भाइरनं जातंय. आतनं जात न्हाय. खिळा मारला की पत्रा आत दबतोय. त्ये टिपकं आत उलटं ऱ्हात्यात." भावानं मान खाली घातली. बहिणीनं हंडा उचलून कडेवर घेतला आणि एसटी स्टँडची वाट धरली. मीही तिथं होते. मलाही त्यांनी आत हात घालून बघायला सांगितलं. कल्हईखाली खरंच बारीक बारीक पुळ्या लागत होत्या.

एवढं सगळं कळणारा माणूस स्वतःच्या मुलीच्या वेळी चुकला.

पद्मावती ही त्यांची एकुलती एक. चौथीला माझ्या वर्गात होती. शांत, भिंतीला पाठ लावून बसणाऱ्या मुलींतली, हात वर करून उत्तर द्यायची नाही पण विचारलं तर बरोबर सांगायची. तिला मोठ्या घरचं स्थळ आलं. आडनाव मी इथं लिहिणार नाही. त्यांना माझ्या कागदावर जागा नाही. त्या लोकांनी लग्नात तिचं नाव बदलून सुप्रिया ठेवलं आणि निरोप पाठवला, की भांड्यांवर नव्या सुनेचं नाव घाला, आमच्या आडनावासकट. रुखवतात चारचौघांत बरं दिसतं.

त्या भांड्यांत त्यांच्या घरातलं एक जुनं घंगाळ होतं. तांब्याचं, हातानं ठोकून घडवलेलं, दोन बाजूंना मोराच्या तोंडाच्या कड्या. एका कडीची रिव्हेट कधीतरी तुटली होती, तिथं भरमाण्णांनी पितळेची घातली होती, तेवढी पिवळी दिसायची. त्यांच्या पणजीपासून त्या घरातल्या प्रत्येक मुलीची हळदीची आंघोळ त्या घंगाळातल्या पाण्यानं झाली होती. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. घरातलंच भांडं, नाव कशाला घालायचं? ते त्यांनी पद्माला दिलं आणि त्यावर पहिल्यांदा नाव घातलं. 'सौ. सुप्रिया', आणि पुढं त्या लोकांचं आडनाव.

मी तेव्हा समोर उभी होते. म्हटलं, "अण्णा, तुमचा नियम कुठं गेला?"

"मोठ्या घरात द्यायचं म्हंजे मन पन मोठं करावं लागतंय, बाई." तोंडावर असा आनंद, की माझ्यानं पुढं बोलवेना. बोलायला हवं होतं. इतर वेळी मी कुणाला सोडत नाही. नेमकी त्या दिवशी गप्प बसले.

दुसऱ्या वर्षी पद्मा गेली. कावीळ झाली होती. महिनाभर अंगावर काढायला लावली, झाडपाल्याचं औषध देत राहिले, माहेरी कळवलंसुद्धा नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. भरमाण्णा आणि त्यांची बायको, आमच्या काकू, पोचले तेव्हा तिला खाली घेतलेलं होतं. मूलबाळ नव्हतं. सव्वीस वर्षांची होती.

आपल्याकडं अशी मुलगी गेली, की माहेरचं दिलेलं माहेरी परत करतात. कुणी भांडत नाही त्यावर. महिन्यानं भरमाण्णा तिच्या सासरी गेले आणि म्हणाले, मला बाकी काही नको, घंगाळ तेवढं द्या. त्याच्यावर पोरीचं खरं नाव घालतो आणि बस्तीत, आमच्या जैन मंदिरात देतो, अभिषेकाचं गंधोदक धरायला. देवाच्या अंगावरून आलेलं पाणी रोज त्यात पडेल. सगळे ते डोळ्यांना लावतील.

पद्माच्या सासऱ्यांनी घंगाळ आणून समोर ठेवलं आणि म्हणाले, "नाव वाचा की अण्णा. तुमीच घातलंय."

हे मला काकूंनी सांगितलं. भरमाण्णांनी कधी तोंडातून काढलं नाही. त्यांनी नाव वाचलं म्हणे, सगळं, आडनावासकट, आणि हात जोडून घरी आले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तेव्हापासून त्यांनी कुठल्याही भांड्यावर नाव घातलं नाही. खिळे एका डब्यात घालून डबा फळीवर ठेवला, तिथं पूर्वी तो गडू असायचा.

दोनेक वर्षांनी कळलं, की त्या घरात नवी सून आली आणि जुनी भांडी सगळी काढून टाकली. कुणाला दिली, मोडीत गेली, कुणीच नीट सांगेना. मग भरमाण्णांचं नावं वाचणं वाढलं. पूर्वी ते समोर येईल ते वाचायचे, आता दुसऱ्यांच्या दुकानांत जाऊन, पोती उपसून वाचायला लागले. इचलकरंजी, सांगली, निपाणी, जिथं मोड गोळा होते तिथं जाऊन आले. काकू गेल्या, त्यांच्या बाराव्यानंतर चार दिवसांनी पुन्हा निघाले. मी म्हटलं, "अण्णा, आता पुरे. ते वितळून गेलं असेल."

"मग तसं कळू दे," ते म्हणाले. "वितळताना नाव तरी कुणी घेतलं असंल काय?"

पद्मा जाऊन अकरा वर्षं झाली. मग माझ्या मुलीचं, मधुराचं लग्न ठरलं.

हल्ली लग्न लॉनवर होतं आणि सजावट डेकोरेशनवाल्याकडं असते. आम्ही नाही म्हणून कुणी ऐकतं? दारात रांगोळी, रांगोळीच्या मधोमध पितळी समया आणि दोन्ही बाजूंना तांब्याची मोठी भांडी, पाण्यानं भरलेली, वर झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या, मधे तरंगते दिवे. येईल तो तिथं उभा राहून फोटो काढत होता. मी सकाळपासून दहा वेळा त्या भांड्यांवरून गेले असेन. मला काही दिसलं नाही, चकचकीत नुसतं.

भरमाण्णा अकराच्या सुमाराला आले. हातात मधुरासाठी एक पाकीट आणि ठेवणीतला सदरा. मी पुढं झाले तर ते दारातच थांबले होते. डाव्या बाजूच्या भांड्याकडं बघत होते. मग माझ्याही लक्षात आलं. मोराच्या तोंडाच्या कड्या. त्यातली एक रिव्हेट पिवळी.

ते खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीशिवाय न बसणारा माणूस, लोकांच्या पायांत, रांगोळीवर बसला. बाहेरून नाव नव्हतंच. यंत्रावर घासून सगळं लखलखीत केलेलं. डेकोरेशनवाले भांड्यांवर नावं राहू देत नाहीत. लोकांना आपल्या लग्नात दुसऱ्याचं नाव नको असतं. भरमाण्णांनी बाही वर केली नाही. तसाच सदऱ्यासकट हात पाकळ्या बाजूला सारून कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि डोळे मिटले.

बोटं आतून फिरत राहिली. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला." मी त्याला असं झापलं, की तो पुन्हा माझ्या वाटेला गेला नाही.

भरमाण्णांनी हात बाहेर काढला. बाहीवर पाकळ्या चिकटलेल्या. मी विचारलं, "अण्णा, तेच का?"

"न्हाय," ते म्हणाले. "आपलं न्हवं."

पाकीट माझ्या हातात दिलं, मधुराच्या डोक्यावर डावा, कोरडा हात ठेवला, दोन घास जेवले आणि रिक्षानं गेले.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, मधुरा सासरी गेली. डेकोरेशनवाला संतोष आपलं सामान आवरायला लागला तेव्हा मी त्या घंगाळाजवळ जाऊन हात घातला. वाचायला मला फार वेळ लागला, उलटी अक्षरं होती. पण मी चाळीस वर्षं पोरांची अक्षरं लावलीत. सौ. सुप्रिया. आणि पुढं ते आडनाव. एकही ठिपका कमी नाही. अण्णा खोटं बोलले होते, माझ्या घरच्या कार्यात विघ्न नको म्हणून. का ते त्यांना खरंच आपलं वाटलं नव्हतं, कोण जाणे. आत तिचं नाव नव्हतंच. त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेली ती चूक तेवढी शाबूत होती. मी तिथंच बसून रडले. लोकांना वाटलं, लेकीसाठी रडते.

संतोष भला माणूस. मी सगळं सांगितल्यावर त्यानं पाणी ओतून घंगाळ माझ्याकडं दिलं. "घेऊन जावा काकू," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते घेऊन समोर गेले. भरमाण्णांना मी शेवटचं बघितलं ते त्या दिवशी. दुपारच्या गाडीनं मी मधुराकडं गेले, महिन्यानं परत आले तेव्हा दुकानाला कुलूप होतं आणि त्यांचे दिवसही होऊन गेले होते.

  त्यांनी घंगाळ मांडीवर घेतलं आणि सवयीनं उलटं केलं. बुडाला मधोमध बोटाएवढं भोक होतं, काळ्या लांबीनं बुजवलेलं. आधी कुठल्या तरी हॉटेलात त्याचा दिवा केला होता, वायर घालायला भोक पाडलेलं. संतोषनं मला सांगितलं होतं, मी त्यांना सांगितलं.

"डाग देऊन बुजवता येईल ना अण्णा?" मी म्हटलं. "मग नाव घाला आणि द्या बस्तीत."

"डाग दिल्यालं भांडं देवाला चालत न्हाय," ते म्हणाले. अंगठा त्या भोकावरून फिरवत राहिले. "आतलं नाव पन निघायचं न्हाय. मीच घातलंय, मला म्हाईत हाय."

मी उभी राहिले.  मग त्यांनी घण ओढून जवळ घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाई, घरला जावा. आवाज हुईल. खिडकी लावून घ्या."

मी वर आले. खिडकी लावली नाही, गॅलरीत उभी राहिले. त्यांनी घंगाळ दोन पायांत धरलं होतं आणि हात आत घातला होता. बोटं एकदा त्या ठिपक्यांवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरली. जे लिहिलेलं असेल तेच वाचायचं, ही त्यांची जन्माची रीत. मी कान देऊन उभी. त्यांनी हात बाहेर काढला आणि मोठ्यांदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं.

"पद्मावती भरमाण्णा. बापाकडनं."

मग घण उचलला.